काटा तिथंच, आवाज मोठा

लग्नात जेवायला बसले की शेजारची बाई मला ओळखते. तोंडावरनं नाही, आवाजावरनं. मी नुसतं "कोशिंबीर इकडं जरा" म्हटलं की तिची मान वळते.

"अगं बाई, केबलवर 'आजच भेट द्या' म्हणणाऱ्या त्या तुम्हीच न्हवं?"

मीच ती. मग ती पान बाजूला सारून जवळ सरकते आणि मनात कित्येक वर्षं साठवलेला प्रश्न विचारते. "मला एक सांगा. मालिकेत ती सून काय बोलती ते कान लावून ऐकावं लागतंय, आणि जाहिरात लागली की घर दणाणून जातंय. आमचे हे म्हणत्यात टीव्ही बिघडलाय. बिघडलाय व्हय?"

टीव्ही बिघडलेला नसतो. बिघडवणारी मी, तिच्या शेजारी बसून जिलेबीची वाट बघत असते.

पंगतीत सगळं सांगून होत नाही. वाढपी मधे येतात, आहेराचं बोलावणं येतं. म्हणून आज सवडीनं लिहिते. कोल्हापुरातल्या एका लहानशा केबल चॅनेलमध्ये मी बावीस वर्षं होते. गेले ते पैसे भरून घ्यायच्या टेबलावर. शिक्षण गडहिंग्लजला दहावीपर्यंत, अक्षर बरं, म्हणून जाहिरातींची नोंद ठेवायला. आवाजाचं काम बघणारा माणूस पुण्याला निघून गेला, जाताना कानाला लावायचा हेडफोन माझ्या टेबलावर ठेवून गेला. मालक म्हणाले, "अक्का, दोन दिवस सांभाळा." ते दोन दिवस मागच्या वर्षी संपले.

शिकवायला कोणी नव्हतं. बटणं दाबून बघायची, बिघडलं की उलटं दाबायचं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. तिथं बोललं की आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, विहिरीत बोलल्यासारखा. मी घरच्या चार वाकळा आणून भिंतींवर ठोकल्या आणि आवाज एकदम जाग्यावर बसला. एकदा मुंबईचा एक रेकॉर्डिंगवाला खोली बघायला आला. भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "चांगलं मटेरियल आहे, कुठल्या कंपनीचं?" म्हटलं, सासूबाईंची जुनी लुगडी. त्यानं वहीत काय लिहून घेतलं देव जाणे.

आता मूळ प्रश्न. जाहिरात मोठी का वाजते?

आवाजाच्या यंत्रावर एक काटा असतो. हल्ली त्याच्या जागी दिवे आलेत, पण आम्ही काटाच म्हणायचो. आवाज चढला की काटा उजवीकडं जातो. तिथं एक लाल रेषा. त्या रेषेच्या पलीकडं काटा जाऊ द्यायचा नाही, आवाज फाटतो. कार्यक्रमाला तीच रेषा, जाहिरातीला तीच रेषा. म्हणून मला कुणी रागानं विचारलं की तुम्ही आवाज वाढवता का, तर मी शपथेवर सांगायची, काटा बघा, काटा तिथंच आहे. खोटं बोलत नव्हते. पूर्ण खरंही बोलत नव्हते.

असं समजा, ती लाल रेषा म्हणजे तुमच्या घराच्या दाराची चौकट. मालिका म्हणजे त्या दारानं येणारी-जाणारी घरातली माणसं. म्हातारी वाकून येते, पोर रांगत येतं, सून खाली मान घालून जाते. एखादाच उंच जावई डोकं चौकटीला टेकवून आत येतो. जाहिरात म्हणजे काय, तर तालमीतले सगळे उंच गडी एका रांगेत आत येतात, आणि प्रत्येकाचं डोकं चौकटीला घासतं. चौकट कुणी मोडली? कुणीच नाही. पण घरात दंगा झाल्यासारखं वाटणारच की.

हे गडी उंच करायचं एक यंत्र असतं, कॉम्प्रेसर. त्यातनं आवाज काढला की मोठे आवाज थोडे दाबले जातात आणि मग सगळंच उचलून वर नेता येतं. कुजबुज, आरोळी, बांगडीचा आवाज, सगळ्यांची उंची एक. शिवाय माणसाचा कान काही आवाजांना चटकन जागा होतो, तान्ह्या पोराच्या रडण्याला वगैरे. त्या पट्टीतला आवाज आम्ही आणखी थोडा टोकदार करायचो. आणि वर मालिकावाल्यांची मदत. ते ब्रेक कुठं घेतात? सासू दाराआड उभी राहून श्वास रोखून ऐकतेय, तिथं. तुम्ही श्वास रोखलेला, सासूनं श्वास रोखलेला, आणि त्या शांततेवर माझे तालमीतले गडी येऊन पडायचे.

हे सगळं मी का करायची? कारण माझी गिऱ्हाइकं मला करायला लावायची. त्यात पहिला नंबर सर्जेरावांचा.

सर्जेरावांचं चपलांचं दुकान तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं. तिथनं एक गल्ली उतरत नदीकडं जाते. माणूस आडदांड, मिशा बघून पोरं वाट सोडायची, आणि आवाज एवढा की त्यांना माईकची गरजच नव्हती. पहिल्या जाहिरातीला आले ते चपला हातात घेऊन.

"अक्का, जरा ही ऐका."

चपला घातल्या आणि वाकळांच्या खोलीत इकडून तिकडं चालून दाखवलं. करकर, करकर. आपल्या चपलेत तळव्यांच्या थरांमध्ये बी घालतात, त्याचा तो आवाज. पायातली चप्पल बोलली पाहिजे, अशी हौस असते माणसांना.

"ही करकर जाहिरातीत आली पायजे. गिऱ्हाईक घरात बसून म्हणलं पायजे, सर्जेरावाची चप्पल आली."

मी माईक जमिनीला टेकवून ठेवला, सर्जेराव त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे चालले. मागं हलगी आणि बँड त्यांनीच निवडला. वर माझं "आजच भेट द्या". लागली जाहिरात. दुसऱ्या दिवशी सर्जेराव दारात.

"मी पानपट्टीपाशी हुबा ऱ्हाऊन ऐकली. त्या फर्निचरवाल्याची जाहिरात लागली तर पार कोपऱ्यापातूर शब्दन्‌शब्द आला. माझी चप्पल न्हाय आली."

"तुमची चप्पल बँडच्या खाली गेली, सर्जेराव."

"मग बँड चपलंच्या खाली घाला की."

घातला. करकरीचा आवाज चढवला, यंत्रात दोनदा दाबला, टोकदार केला. ती करकर अशी काही वाजायला लागली, की बायकांचे फोन आले. आमच्याच घराचं दार वाजतंय म्हणून बिजागऱ्यांना तेल घातलं, तरी थांबेना म्हणाल्या. सर्जेराव खूश. मग चार दिवसांनी फर्निचरवाला आला, त्याला सर्जेरावांच्या वर जायचं होतं. त्याला वर नेलं की सर्जेराव परत. आणि काटा बघाल तर तिथंच. मला मनातल्या मनात त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. लाल रेषा न ओलांडता एवढा गोंधळ घालणं येरागबाळ्याचं काम नाही.

तक्रारीचे फोन माझ्याच टेबलावर यायचे. म्हणजे आवाज मीच वाढवायचा आणि शिव्याही मीच खायच्या, कामाची अशी छान वाटणी होती. सगळ्यात नेमानं फोन करायचे ते आबा. आबा म्हणजे त्याच नदीच्या उताराच्या गल्लीत अगदी शेवटी गोठा असलेले गवळी. गल्लीत सगळीच गवळ्यांची घरं, पण आबांचा गोठा सगळ्यात खाली. दाराशी उभं राहिलं की नदी दिसते. म्हशी पाच.

"अक्का, तुमच्या जाहिरातीनं माझं दूध गेलं."

"दुधाचा आणि जाहिरातीचा काय संबंध, आबा?"

"सांज्याला धार काढताना मी टीव्ही लावतोय. कुस्त्या लागत्यात न्हवं तुमच्याकडं. कुस्तीला म्हशी काय करत न्हाईत, ऐकत्यात निवांत. पण मधी ते चपलंचं लागलं की दचकत्यात. आणि म्हस दचकली की पान्हा चोरती. वर ओढून धरती दूध, एक थेंब सोडत न्हाय. चपला विकायच्या सर्जेरावानं आणि चरवी रिकामी माझी, ह्यो कुठला न्याय?"

आमच्या चॅनेलवर रोज संध्याकाळी जुन्या कुस्त्यांच्या टेपा लागायच्या आणि सगळ्यात जास्त जाहिराती त्यातच. मला पटेना, म्हणून एकदा मी गोठ्यावर गेले. आबांनी मला बारदानावर बसवलं. टीव्ही फळीवर, म्हशी रांगेत, आबा मधल्या म्हशीच्या पोटाला डोकं लावून धार काढतायत. चरवीत धारेचा आवाज एका लयीत. कुस्तीचा निवेदक बोलतोय, म्हशी रवंथ करतायत. सगळं निवांत. मग आमची ब्रेकची घंटी वाजली, टिंग, आणि लगेच चप्पल आली. चार म्हशींनी एकदम माना वर केल्या, पाय आपटले, आणि धार बंद. कोपऱ्यातली पाचवी म्हातारी तेवढी रवंथ करत राहिली.

"बघितलं का," आबा म्हणाले. मला आयुष्यात कुणी एवढ्या पुराव्यानिशी बोल लावला नव्हता.

आवाज कमी करीन, असं मी म्हणाले नाही. म्हणायला पाहिजे होतं. मी काय सुचवलं? "आबा, ती टिंग घंटी ऐकू आली ना, की रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबायचं. ब्रेक संपला की परत दाबायचं." आबांना हे फार आवडलं. त्यांनी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. टिंग झालं की कोपरानं दाबायचे, धार न सोडता. आठ दिवसांत त्यांनी ती युक्ती अख्ख्या गल्लीला शिकवली. फोन बंद झाले. मला वाटलं, अडचण मिटवली.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन पावसात, एका संध्याकाळी ऑफिसात महापालिकेतनं फोन आला. धरणाचे दरवाजे उघडलेत, नदी आधीच पात्राबाहेर आहे, तासाभरात पाणी खालच्या गल्ल्यांत शिरेल, माणसं आणि जनावरं लगेच वर काढायला सांगा. भोंग्याची गाडी फिरत होती, पण गाडी एक आणि गल्ल्या ढीगभर. म्हणून आम्हाला सांगितलं.

ऑफिसात मी आणि मालक, दोघंच. मालक पडद्यावरची पाटी करायला बसले, मी आवाज करायला. घाई एवढी, की मालकांनी सेलची तयार पाटी उघडली, 'सेल' पुसून 'पूर' लिहिलं, आणि खाली गल्ल्यांची नावं. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात मोठा चमचमता तारा. तो तारा पुसायचा राहिला. मी वाकळांच्या खोलीत जाऊन सूचना वाचली, हात सवयीनं यंत्राकडं गेला, आवाज दाबून, उचलून, टोकदार करून दिला. मनात म्हटलं, एवढा मोठा आवाज आहे, मेलेला माणूस उठून बसेल. आणि आमची पद्धत काय, तर मधे काही घालायचं म्हणजे ब्रेक घ्यायचा. टिंग. सूचना. कुस्ती. परत टिंग. सूचना. पाऊण तासात तीन वेळा लावली.

मग सर्जेरावांचा फोन. त्यांचा एक पाय प्लास्टरमध्ये होता, पावसात स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवरनं घसरले होते. दिवसभर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे.

"अक्का, हे पाणी वाढाय लागलंय. आणि खालच्या गल्लीतनं कोणबी वर येईना झालंय. त्यास्नी कुणी सांगितलं का न्हाय?"

"तीनदा सांगितलं की टीव्हीवर. तुमच्या दुकानात टीव्ही चालू आहे ना? तुम्ही ऐकलं नाही?"

"चालू हाय. पण ब्रेक लागला की मी आवाज बंद करतोय."

"तुम्ही? सर्जेराव, तुम्ही आवाज बंद करता?"

"माझी सोडून. पडद्यावर माझी चप्पल दिसली की चालू करतोय. मला वाटलं फर्निचरवाल्याचा सेल हाय. तारा बघितला की मी."

मी तशीच खुर्चीत बसले. धारेची वेळ. गल्लीतला प्रत्येक माणूस गोठ्यात, म्हशीच्या पोटाला डोकं लावून. डोळ्यासमोर पाटी नाही, वर पत्र्यावर पावसाचा मारा, त्यातनं ऐकू येणारी एकच गोष्ट म्हणजे कुस्ती. आणि टिंग झालं की अख्खी गल्ली कोपरानं मला गप्प करणार. मीच शिकवलेलं. इतकी वर्षं मी आवाज मोठा करत गेले आणि त्यातनं एका गावाला माझा आवाज न ऐकायची सवय लावली.

सर्जेरावांना थांबवून दुसऱ्या फोनवरनं आबांच्या मोबाइलला लावला. नुसता वाजत राहिला. धारेच्या वेळी तो घरात खुंटीला असायचा. सर्जेरावांना म्हटलं, कुणाला तरी खाली पाठवा. ते म्हणाले, "रस्त्यावर कुत्रं न्हाय, अक्का. आणि माझा पाय असा. वरडून बघतो." फोन हातात धरूनच ते ओरडले. माझ्या कानात दडे बसले, गल्लीत मात्र पावसापुढं काही पोचलं नाही.

मालक म्हणाले, "अक्का, आणखी मोठा करता येतोय का आवाज? फाटला तर फाटू दे."

तेव्हा मला सुचलं ते उलटं होतं. टीव्हीवर कुस्ती चालू होती. लाल लांगेचा गडी आणि निळ्या लांगेचा गडी, बराच वेळ नुसती खडाखडी, एकमेकांचा अंदाज घेत. लाल गड्यानं पटात हात घातला, म्हणजे निळ्याचा पाय धरून त्याला पाडायला गेला. निवेदकाचा आवाज चढला. मी यंत्रावरची आवाजाची सरकती पट्टी धरली आणि हळूहळू खाली ओढायला लागले. एकदम नाही. एकदम बंद केला तर लोकांना वाटतं केबल गेली, आणि ते चहा ठेवायला उठतात. हळूहळू कमी झाला तर हात रिमोटकडं जातो. ज्या मिनिटाला कुस्ती निकाली व्हायची, त्या मिनिटाला मी निवेदकाला कुजबुजायला लावलं. म्हणजे आता आबांचं कोपर आवाज वाढवायच्या बटणावर असणार. सगळ्या गावाचं असणार.

"अक्का, आवाज गेला," मालक घाबरून उठले.

"गेला न्हाय, मालक. मी न्हेला."

ऑफिसचा दुसरा फोन वाजायला लागला. आवाज येईना, आवाज येईना. म्हटलं, बरोबर चाललंय. अजून थोडा खाली. मग कॉम्प्रेसर बंद केला, घंटी नाही, बँड नाही, माईक तोंडाशी घेतला. जाहिरातीत मी छापील मराठी बोलते, ती बाजूला ठेवली. घरात बोलते तशी बोलले, हळू.

"आबा, मी अक्का बोलतीया, केबलमधली. ही जाहिरात न्हाय. बटण दाबू नगा. धरणाचं दार उघडलंय, पाणी तुमच्या गल्लीत येतंय. धार हाय तिथं सोडा. म्हशी सोडा आणि तिकटीवर या. आबा, तुम्ही आणि वरची सगळी घरं. आत्ता निघा."

हेच दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं आणि घड्याळाकडं लक्ष गेलं.

आमच्या जाहिराती कॉम्प्युटरवर वेळ लावून ठेवलेल्या असायच्या. वेळ झाली की माझा माईक आपोआप बंद, जाहिरात आपोआप चालू; टिंग घंटी तेवढी मी हातानं वाजवायची. ते थांबवायचं बटण मालकांच्या टेबलावर होतं, मालक ऑफिसचा दुसरा फोन आणि स्वतःचा मोबाइल दोन कानांना लावून उभे होते. मी हात केला, तेवढ्यात वेळ झाली. पहिली जाहिरात सर्जेरावांची निघाली. अख्ख्या गावाचे टीव्ही मी माझ्या हातानं वर चढवून ठेवले होते, आणि त्यावर ती दोनदा दाबलेली, टोकदार केलेली करकर जाऊन पडली.

टेबलावर ठेवलेला सर्जेरावांचा फोन चालूच होता, तो कानाला लावला. त्यांच्या दुकानात काही तरी पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता पाऊस. मग सर्जेराव, हळू आवाजात. ते हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

"अक्का, म्हशी आल्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्याच. दावी तोडून आल्यात. शेपट्या वर करून पळत्यात. मागनं माणसं बोंबलत येत्यात. थांबा, मोजतो." मग कुस्तीचं निवेदन करावं तसं ते सांगत राहिले. पहिल्या घराचे आले, दुसऱ्या घराचे आले, म्हातारीला पाठुंगळी घेतलंय, पोरं पुढं हाकलल्यात. "आबाच्या आल्या. एक, दोन, तीन, चार. आबा बी आला. चरवी हातातच हाय."

मी म्हटलं, "पाच हायत त्यांच्या."

फोनवरनं आबांचा आवाज आला, लांबून. म्हणत होते, आम्ही ऐकलं अक्काचं, पण एवढी एक पिळून निघावं म्हटलं, तोवर चप्पल वाजली आणि म्हशीच निघाल्या. मग म्हणाले, "थोरली ऱ्हायली. तिला ऐकाय येत न्हाय."

सर्जेराव मला म्हणाले, "अक्का, आबा परत खाली चाललाय."

"धरा त्यांना."

"कसा धरू? पाय बघा की माझा." मग ते ओरडले, अगदी पूर्ण आवाजात, आबांच्या नावानं. आबा थांबले नाहीत.

पुढची दहा-बारा मिनिटं मी फोन कानाला लावून बसले होते. पाऊस ऐकू येत होता, म्हशींचे हुंकार, कुणाचं तरी पोर रडत होतं. मालकांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, मी तो हातात धरून राहिले. सर्जेराव मधेच म्हणायचे, पाणी गल्लीत शिरलं. मग, तिसऱ्या खांबाला लागलं. मला आवाजाशिवाय काही माहीत नाही, आणि आवाजात काहीच कळत नव्हतं. त्या दहा मिनिटांत मी इतक्या वर्षांच्या सगळ्या जाहिरातींचा आवाज मनात एकेक करून खाली आणला.

"दिसला," सर्जेराव म्हणाले. "गुडघाभर पाण्यातनं येतोय. म्हस पुढं, हा मागं. ती आपली निवांत चालतीया, जत्रंला निघाल्यासारखी."

मग फोन आबांनी घेतला. धापा टाकत होते. मी म्हटलं, "आबा, चुकलं माझं. ते बटण मी शिकवायला नको होतं."

"ते ऱ्हाऊ दे. थोरली आली. बाकीच्या हायत. दूध गेलं, जाऊ दे." मग म्हणाले, "अक्का, पर एक सांगा. लाल गड्यानं पटात हात घातला होता. फुडं काय झालं?"

"आबा, आधी अंगावरचं ओलं बदला."

"बदलतो की. पर कोण पडलं?"

मागनं दोघातिघांचे आवाज आले, "इचार, इचार." माझ्या समोर मालक दुसरा फोन हाताच्या तळव्यानं झाकून उभे होते. म्हणाले, "अक्का, ह्येबी तेच इचारत्यात. आणि आजवर एवढे फोन कधी आले नव्हते."

मी टेप मागं नेली, लाल गड्यानं पटात हात घातला तिथपर्यंत. पडद्याच्या खालच्या पट्टीवर पाण्याची सूचना चालू ठेवली, साध्या पांढऱ्या अक्षरात, ताऱ्याशिवाय. सर्जेराव करकरीनं दचकून धडकले तेव्हा त्यांच्या दुकानातला टीव्ही आडवा झाला होता, तो कुणी तरी उभा केला. ओली माणसं चपलांच्या खोक्यांवर बसली, म्हशी बाहेर विजेच्या खांबांना बांधल्या.

मालकांनी जाहिरातींची यादी बघितली. "मधी दोन ब्रेक हायत, अक्का."

"हायत," मी म्हटलं, आणि त्यांच्या टेबलावरचं बटण दाबून ते बंद केले. मालक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

निळा गडी पडला. पण बराच वेळ लागला त्याला पडायला, आणि तो पडेपर्यंत आम्ही कोल्हापुराला काहीही विकलं नाही.